मास्तरचा पाला

जांभूळकर सरांसमोर कुणी एखादी गोष्ट विषारी आहे म्हणालं, की सर विचारायचे, “किती?”

प्रश्न चेष्टेचा नसायचा. उत्तर येईपर्यंत ते थांबायचे. एकदा स्टाफरूममध्ये इंग्रजीच्या मॅडम हेडक्लार्कबद्दल म्हणाल्या, “त्या माणसाची जीभ नुसती विषारी आहे.” सरांनी डबा बाजूला ठेवला आणि विचारलं, “किती?” मॅडमना हसावं की चिडावं कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, “एका वेळी एका माणसाला पुरेल इतकी.”

“मग ठीक आहे,” सर म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

लोणावळ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात ते अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत. मी तिथं प्रयोगशाळा सहायक. बाटल्या, चाव्या, साठा रजिस्टर माझ्याकडे. चौदा वर्षं आम्ही एकाच प्रयोगशाळेत काढली. सर जाऊन आता दोन वर्षं होतील.

बुटका, रुंद माणूस. पायात जाड तळव्याच्या चपला, कारण रविवारी डोंगर चढायचा असे. शर्टाला दोन खिसे. डाव्या खिशात पेन, उजव्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं एखादं पान. स्वतःचा कपसुद्धा ते विसळल्याशिवाय तोंडाला लावत नसत. वर्गात त्यांची भाषा स्वच्छ पुणेरी होती. पण गावाकडचा फोन आला की “व्हय”, “न्हाई”, “कुटं” सुरू व्हायचं, आणि फोन ठेवला की लगेच थांबायचं. गाव आंदर मावळात, टाकव्याच्या पुढे.

त्यांच्या आवडीचं विष एकच होतं: फ्लोरोॲसिटेट. आवडीचं हा शब्द त्यांचाच. दर वर्षी बारावीला एक तास ते अभ्यासक्रम सोडून त्यावर बोलत. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं, त्याच्या रेणूत एका कार्बनला तीन हायड्रोजन लटकलेले असतात. त्यातला एक काढायचा आणि तिथं फ्लोरिन बसवायचा. एवढंच. शरीराला हा बदल ओळखू येत नाही. पेशी त्याला नेहमीचा माल समजून आत घेते आणि पुढच्या टप्प्याकडे देते. तिथं त्याचं वेगळंच काहीतरी होतं आणि पेशीला ताकद पुरवणारं सगळं चक्र अडकून बसतं. रंग नाही, चव जवळपास नाही, खात्रीचा उतारा नाही. काही तास तर काही जाणवतही नाही.

“आणि हे कारखान्यात करायच्या कितीतरी आधी कुणी केलं?” सर विचारत. मग उजव्या खिशातलं पान काढून वर धरत. “झाडानं.”

मग ते आफ्रिकेत जात. तिकडे एक बुटकं झुडूप आहे. बाकी सगळं वाळलेलं असताना, गवत उगवायच्या आधी, त्याला हिरवी कोवळी पानं येतात. गुरं ती खातात, पाणी पितात, दोन पावलं पळतात आणि पडतात. ऑस्ट्रेलियात अशी झुडपं रानभर आहेत. तिथल्या मूळच्या जनावरांना ती पचतात, बाहेरून आणलेल्या मेंढ्या मरतात. ब्राझीलमध्येही आहेत. कुणीतरी विचारायचंच, “सर, पण झाडाला असं विष करायची काय गरज?”

“त्याला पळता येतं का?” सर म्हणत.

एका वर्षी त्यांनी याच तासाला सांगितलं की गवारीच्या बियांतही याचा अंश सापडल्याचं वाचलंय, आणि चहाच्या पानातही. वर्गातल्या अर्ध्या मुलींनी घरी गवार खाणं सोडलं. चहा कुणी सोडला नाही. पालकसभेत एका मुलीचे वडील उभे राहिले. “सर, तुम्ही पोरींना सांगितलं म्हणे गवार विषारी आहे?”

“सांगितलं. किती ते पण सांगितलं. ते घरापर्यंत पोचलेलं दिसत नाही.” सरांनी पिशवीतून डबा काढला. आत गवारीची भाजी होती. पालकांसमोर त्यांनी ती भाकरीबरोबर संपवली, डबा बंद केला आणि म्हणाले, “आता पुढचा विषय. हजेरी.”

विषांच्या कपाटात त्यांनी एक रिकामी बाटली ठेवली होती. लेबल माझ्याकडून लिहून घेतलेलं: सोडियम फ्लोरोॲसिटेट. तपासणीला आलेल्या साहेबांना ती दिसली आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हे तुमच्याकडे कसं?”

“नाही आमच्याकडे,” सर म्हणाले.

“मग बाटली?”

“जागा अडवायला. फळीवर जागा मोकळी दिसली की कुणीतरी काहीतरी आणून ठेवतं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर उघडून दाखवलं. साठा शून्य, मागणी शून्य, आवश्यकता शून्य, प्रत्येक वर्षाची नोंद सरांच्या सहीसकट. साहेबांनी त्याखाली स्वतःची सही केली. दुसरं काय करणार?

रविवारचा डोंगर हा याच वेडाचा भाग होता. आफ्रिकेतल्या त्या झुडपाच्या कुळातली एक वनस्पती आपल्या सह्याद्रीतही, खाली दक्षिणेकडे, नोंदलेली आहे. ती नाही तर तिची कुणी बहीण मावळातल्या उतारांवर असेल, आणि तिच्या पानात हे विष असेल, असं सरांना वाटत होतं. पुरावा काही नव्हता, तेही ते सांगत. अनोळखी पान दिसलं की खिशात घालून आणायचे. मी ते वाळवून, लेबल लावून यादीत चढवायचे. कुठल्या उतारावरचं, कुठल्या महिन्यातलं. पुण्यातले त्यांचे एक मित्र तपासून द्यायचे. यादीतल्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: नाही.

गावात याला ‘मास्तरचा पाला’ म्हणत. बसमधून उतरल्या उतरल्या कुणीतरी विचारायचं, “काय मास्तर, घावला का पाला?”

“न्हाई अजून.”

“घावला तर आमच्या सासूसाठी ठेवा थोडा.”

“किती?” सर विचारायचे, आणि पारावरची माणसं हसायची.

सरांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी जुलैमध्ये, भातलावणीच्या ऐन दिवसांत, सकाळी त्यांचा फोन आला. “बाई, झाकणाच्या बाटल्या, लेबलं आणि तुमची वही घ्या. कामशेतला भेटा. आमच्या दादाची बैलजोडी गेली.”

दादा म्हणजे सरांचे थोरले भाऊ शंकर. गावात सगळे त्यांना शंकरआबा म्हणतात. वडील लवकर गेल्यावर यांनीच सरांना शिकवलं. स्वतः शेत धरलं आणि धाकट्याला कॉलेजला पाठवलं. लावणीचे दोन दिवस सर रजा टाकून भावाच्या भातखाचरात उभे राहत. त्या रजेचे अर्ज माझ्या फायलीत आहेत, एकाही वर्षाचा चुकलेला नाही.

एसटीत सरांनी मला सगळं सांगितलं. दोन दिवसांपूर्वी सकाळी दोन्ही बैल तासाभराच्या अंतरानं मेले. रस्ता खचलेला असल्यामुळे गुरांचे डॉक्टर पोचेपर्यंत उशीर झाला. त्यांनी नमुने घेऊन पुण्याला पाठवले, पण अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागणार. गावानं तेवढी वाट पाहिली नाही. शंकरआबांचा शेजारी बबन शेळके. दोघांमध्ये बांधावरून वाद होता. मागच्या वर्षी बबन भर रस्त्यात ओरडला होता, “तुजी बैलं माज्या बांधावर मरतील एक दिस!” बैल मेले, आणि हे वाक्य सगळ्यांना आठवलं.

पोलिसांकडे कुणी गेलं नाही. गावानं बबनला सावडीतून काढलं. त्या भागात लावणी मजुरांवर होत नाही, सावडीवर होते. आज सगळ्यांनी मिळून माझं खाचर लावायचं, उद्या तुझं, परवा तिसऱ्याचं. सावडीबाहेर पडलेल्या माणसाकडे हात उरतात ते नवरा-बायकोचे. बबनचं रोप तयार होऊन आठवडा झाला होता. रोप जून झालं की लावूनही फुटवे धरत नाही. पुण्याचा अहवाल येईपर्यंत त्याचं वर्ष गेलं असतं.

गावात शिरताना बबन वाटेतच उभा होता. खांद्यावर इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल. “मास्तर, मी बोललो व्हतो, ते खरंय. पर केलं न्हाई.”

“बरं,” सर म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

आधी घरी न जाता ते बैल चरायचे त्या उतारावर गेले. मी छत्री धरून खाली थांबले. अर्ध्या तासानं उतरले तेव्हा त्यांच्या हातात एक डहाळी होती. कोवळी, तकतकीत पानं. शेंडा खुडलेला, म्हणजे कुठल्यातरी जनावरानं खाल्लेला. सरांनी ती बराच वेळ उलटसुलट करून पाहिली. एरवी पान लगेच माझ्याकडे देत. त्या दिवशी स्वतःच्या खिशात ठेवलं.

“ओळखीचं आहे?” मी विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. आवाज जरा वेगळा वाटला.

शंकरआबांच्या पडवीत दहा-बारा माणसं बसली होती. बबन अंगणाच्या कडेला पावसात उभा राहिला. वर ये, असं त्याला कुणी म्हणालं नाही. चहा आला. सरांच्या खिशातून डोकावणारी डहाळी सगळ्यांत आधी गेनूभाऊंना दिसली. गेनूभाऊ गावातले सगळ्यांत म्हातारे.

“मास्तर, त्यो तुमचा पाला तर न्हवं?”

उत्तराची वाट न बघता गेनूभाऊच पुढे बोलले.

“आरं, तुमीच सांगितलंय न्हाई का कैक डाव? गुरं पाला खात्यात, पानी पित्यात आन पडत्यात. तसंच झालं की हे! वढ्यावर पानी पिऊन आली आन पडली.”

पडवीतली माणसं एकदम मोकळी झाली. दुसरा म्हणाला, “मंग तर कुनाचाच दोस न्हाई.” तिसरा म्हणाला, “मास्तरचा पाला मास्तरच्याच घरी घावला म्हनायचा!” थोडं हसणंही झालं. शंकरआबा दोन दिवसांत पहिल्यांदाच नीट बोलले असावेत. “पाला आसंल तर माजं काय म्हननं न्हाई. बबन्याचं रोप उद्या लावू. सांग रं बाबा, पालाच ना?”

बबन सरांच्या तोंडाकडे बघत होता. नुसतं “व्हय” म्हणायचं होतं. बबनची लावणी झाली असती, भावाचं दुःख हलकं झालं असतं, आणि इतकी वर्षं ‘नाही’नं भरत आलेल्या यादीत निदान गावापुरता तरी ‘आहे’ लिहिला गेला असता. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बाई, वही काढा. तीन रकाने करा. दोन बैल आणि गाय.”

“गाईचं काय?” शंकरआबा म्हणाले. “गाय तर बरी हाय.”

“म्हणूनच.”

मी रकाने पाडले. सर विचारत गेले. चरायला कुठं? तिघंही त्याच उतारावर. पाणी? तिघंही एकाच ओढ्यावर. बैल पडले तेव्हा कसे दिसत होते? हे दारातून शंकरआबांच्या बायको, सरांच्या वहिनी, म्हणाल्या, “लाळ लय गळत व्हती. धारच लागली व्हती. डोळ्यातनं पानी, आंग थरथरत व्हतं. पातळ हागत व्हती.”

“बाहुली? डोळ्याची बाहुली मोठी होती का बारीक?”

“बारीक. टिकलीवानी.”

सरांनी मान हलवली. “आता खाणं. त्या दिवशी सकाळी कुणाला काय घातलं?”

“बैलास्नी आंबोन घातलं. चिखलनीला जायची व्हती ना. कोंडा आन पेंड.”

“आणि गाईला?”

“गाय आटलीय. तिला कुटलं आंबोन?”

मी लिहिलं. तिन्ही रकान्यांत सगळं सारखं होतं, ही एक ओळ सोडून. सर ती वाचायला वाकले नाहीत. त्यांना ती आधीच दिसली होती.

“आंबोण कशात कालवलं?”

वहिनींनी अंगणाकडे बोट केलं. वळचणीला एक घमेलं पालथं ठेवलेलं होतं.

त्या दिवसांत तिकडे प्रत्येक शेतकरी खेकड्यांसाठी भात करतो. खेकडे बांधाला बिळं पाडतात, बिळातून खाचराचं पाणी निघून जातं आणि लावलेलं रोप उघडं पडतं. म्हणून शिजवलेल्या भातात कीटकनाशकाची पुडी कालवायची, एकेक गोळी बिळात टाकायची आणि वरून चिखल लावायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

“दादा, खेकड्यांचा भात कशात केलता?” सर आता गावाच्या भाषेत बोलत होते.

शंकरआबा घमेल्याकडे बघत म्हणाले, “घमेल्यात. आदल्या सांजंला.”

“पुडी किती टाकली?”

“समदी. चिमटीनं कुटं खेकडं मरत्यात?”

“भात किती उरला?”

“मूठ-दोन मूठ. बुडाला चिकाटल्याला.” मग ते घाईनं म्हणाले, “पर रातभर पाऊस व्हता की! भाईर ठिवलं व्हतं. आपसूक धुतलं आसंल.”

सर उठले, पावसात गेले आणि घमेल्यापाशी उकिडवे बसले. घमेल्याची पाठ पावसानं घासल्यासारखी लख्ख झाली होती. तिकडे पावसाळ्यात घमेलं पालथंच ठेवतात. उताणं ठेवलं तर पाणी साचून गंज चढतो. पोराटोरांनाही हे माहीत असतं. सरांनी ते एका काठानं उचलून आतली बाजू सगळ्यांना दिसेल असं धरलं. आत कडेला कोंडा वाळला होता आणि त्याखाली भाताची शितं.

 अंधारातल्या पहाटे कोंडा त्यात कुणी ओतला होता, हे सगळ्यांना कळलं होतं. शंकरआबांची नजर दाराकडे गेली. तेवढ्यात सर म्हणाले, “वहिनीनं कोंडा घातला. भात आदीच व्हता.”

मग ते गेनूभाऊंकडे वळले. “पाल्यानं मरनारं जनावर आसं लाळ गाळत न्हाई, भाऊ. आन पाला आसता तर गाय बी गेली आसती. पाला न्हाई. बबन बी न्हाई.”

माणसं एकेक करून उठली. जाताना गेनूभाऊ अंगणात थांबले आणि बबनला म्हणाले, “उद्या सकाळी. रोप उपटून ठिव.” बबननं मान हलवली. तो इरलं सावरत खाचराकडे गेला. 

पडवीत दोघे भाऊ राहिले. मी बाटलीत शितं भरत होते, त्यामुळे ऐकणं टाळता आलं नाही. शंकरआबा म्हणाले, “समद्या गावाम्होरं?”

“गावाम्होरंच बबनला बाहेर काढलं व्हतं, दादा.”

“पाला म्हनला आसतास तर तुजं काय गेलं आसतं रं? झाडाला कोन इचारायला जातंय? तुला भावाचंच घमेलं दिसलं.” ते उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं. सरांचा चहा पडवीत तसाच राहिला.

परतीच्या एसटीत सरांनी खिशातली डहाळी काढून मला दिली. “लेबल लावा. उतार, महिना.” मी लावलं. मग एकच प्रश्न विचारला, “सर, पाला म्हटलं असतं तर खरंच काय बिघडलं असतं?”

“घमेलं तिथंच राहिलं असतं,” ते म्हणाले. “गाय अजून आहे. तिला वासरू होईल. मग तिलाही आंबोण लागेल. आणि त्या घरात तिचं दूध पिणारी पोरं आहेत.” 

दुसऱ्या दिवशी बबनचं खाचर लागलं. सगळ्यांत आधी सरांच्या वहिनीच जाऊन उभ्या राहिल्या, असं नंतर कळलं. तिसऱ्या आठवड्यात अहवाल आला. त्यात खेकड्यांच्याच औषधाचं नाव होतं. सरांनी तो वाचला आणि घडी घालून फायलीत ठेवायला माझ्याकडे दिला. भावाला दाखवायला नेला नाही. डहाळीचं उत्तर महिनाभरानं आलं. मी शेवटच्या रकान्यात नेहमीचा शब्द लिहिला. शंकरआबांनी वर्षभर सरांशी बोलणं टाकलं. दिवाळीला फोन नाही, संक्रांतीला नाही. सरांनी हे कधी सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये त्यांच्या फोनवर “व्हय” ऐकू येईनासं झालं, एवढंच माझ्या लक्षात आलं.

पुढच्या जूनअखेरीस सर निवृत्त झाले आणि गावीच जाऊन राहिले. पेन्शनच्या कागदांवर तीन ठिकाणी सह्या राहिल्या होत्या. जुलैत मी त्या घ्यायला गेले. पारावर कळलं, सर खाचरात आहेत. गेले तर ते भावाच्या खाचरात नव्हते. तिथं त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते बबनच्या सावडीत होते. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पोटरीभर चिखल, ओळीत सगळ्यांच्या मागे पडलेले. मी बांधावर थांबले.

एक बांध सोडून पलीकडे शंकरआबा पाण्याला वाट काढत होते. पाठ आमच्याकडे. काम करता करता ते मोठ्यानं म्हणाले, “बबन, तुज्या गड्याला सांग, रोप लय खोल लावतोय. फुटवं धरायचं न्हाई.”

बबन सरांपासून हातभर अंतरावर होता. त्यानं सरांकडे पाहिलं, थांबला आणि तरीही निरोप दिला. “मास्तर, आबा म्हनत्यात, खोल लावताय.”

सर उभे राहिले. मग वाकून त्यांनी रोपांचे शेवटचे चार-पाच चूड उपटले आणि वरवर, बोटाच्या पेरभर, पुन्हा लावले. “आता बघा म्हनावं,” ते बबनला म्हणाले.

“आबा, आता बगा म्हनत्यात!” बबन ओरडला.

शंकरआबा फावडं टेकून मधल्या बांधापर्यंत आले. रोपांकडे बराच वेळ बघत राहिले. “हां,” म्हणाले आणि परत गेले.

ओळ पुरी झाल्यावर सर बांधावर आले. ओढ्यावर हात धुतले, लुंगीला पुसले आणि मी दाखवलं तिथं सह्या केल्या. नजर पलीकडच्या खाचराकडे ठेवून तीनपैकी त्यांनी दोनच केल्या होत्या, आणि मीही तपासलं नव्हतं. ते मला कामशेतला पोचल्यावर कळलं.